मानेतून हातात उतरणारं दुखणं : कोणती गोळी कशासाठी आणि किती दिवस

आईची मान दुखायला लागली तेव्हा ती ६७ वर्षांची होती. उजव्या खांद्यावरून कळ निघायची ती थेट अंगठ्यापर्यंत. सहा महिन्यांनी एका दुपारी मी तिचा औषधांचा स्टीलचा डबा ओट्यावर उपडा केला, तर नुसत्या दुखण्यावरचीच पाच पाकिटं निघाली. एक हाडांच्या डॉक्टरांनी दिलेलं, एक घरच्या डॉक्टरांनी, एक नसांच्या डॉक्टरांनी. एक शेजारच्या काकूंना गुण आला म्हणून मागवलेलं, आणि एक आईने जुन्या चिठ्ठीवर आपणहून पुन्हा आणलेलं. पाचांपैकी तिघांत ॲसिक्लोफिनॅक हे वेदनाशामक होतं, तिघांत पॅरासिटामॉल, दोघांत मिथाइलकोबालामिन म्हणजे बी-१२. नावं मात्र पाचही वेगळी. मी २२ वर्षं औषधांच्या दुकानात उभी आहे आणि माझ्याच घरात हे चाललं होतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यानंतर काउंटरवर कुणी "नस दबलीये, काहीतरी द्या" म्हणालं की मी दोन मिनिटं थांबवून बोलते. तेच बोलणं इथे सविस्तर लिहिते आहे. ज्यांना नुकतंच "सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिस आहे" (म्हणजे मानेच्या मणक्यांची झीज) किंवा "मणक्यात गॅप आलाय" असं सांगितलं गेलंय आणि हातात लांबलचक चिठ्ठी आहे, त्यांच्यासाठी. कोणती गोळी, किती डोस, हे डॉक्टरच ठरवतील. पण प्रत्येक गोळीबद्दल तीन गोष्टी तुम्हाला माहीत हव्यात: ती कशासाठी आहे, फरक किती दिवसांत दिसायला हवा, आणि नाही दिसला तर ती कधी बंद करायची.

पहिली पायरी : गोळीआधी धोक्याच्या खुणा

शर्टाची बटणं लावायला जमेनाशी झाली, कप हातातून निसटायला लागला, अक्षर बिघडलं, चालताना तोल जातोय, पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही, लघवीवरचा ताबा सैल झालाय: यातलं काहीही असेल तर दाब एकट्या नसेवर नसून मज्जारज्जूवर असू शकतो. तिथे गोळ्या बदलत बसण्यात वेळ घालवू नका, लगेच मेंदू-मणक्याच्या किंवा हाडांच्या तज्ज्ञांकडे जा. हाताची ताकद दिवसागणिक कमी होत असेल तरी तेच.

संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पूर्वी कर्करोग झालेला असणं, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, या खुणाही डॉक्टरांना आवर्जून सांगा. मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे दुर्मीळ नाही. आणि डाव्या हाताच्या दुखण्याबरोबर छातीत जडपणा, घाम किंवा धाप असेल तर ती मान समजू नका, आधी ईसीजी काढा.

दुसरी पायरी : दुखणं कोणत्या जातीचं?

मानेचं दुखणं ढोबळपणे दोन प्रकारचं असतं आणि बहुतेकांना दोन्हीची भेसळ असते. एक स्नायू-सांध्यांचं: मान धरते, अवघडते, ठणकते, दाबलं की दुखतं, शेकलं की बरं वाटतं. दुसरं नसेचं: आग होते, करंट मारतो, मुंग्या येतात, बधिरपणा येतो, कधी नुसतं पांघरूण घासलं तरी सोसत नाही. पहिल्यावर चालणारी गोळी दुसऱ्यावर फारशी चालत नाही. बहुतेक निराशेचं मूळ इथेच असतं.

डॉक्टर यासाठी डीएन-४ नावाची छोटी प्रश्नावली वापरतात. एकूण दहा मुद्दे, सात विचारून आणि तीन तपासून. चार किंवा त्याहून जास्त गुण आले की दुखणं नसेचं असण्याची शक्यता वाढते. तुम्ही घरी एवढंच करा: आग, झटका, मुंग्या, बधिरपणा यांतलं काय होतं आणि नेमकं कुठे, हे लिहून न्या. बोटंही सांगा. मानेतून निघणाऱ्या नसांना डॉक्टर सी-६, सी-७ असे क्रमांक देतात. अंगठ्याकडे जाणारं दुखणं बहुधा सी-६ नसेचं, मधल्या बोटाकडे जाणारं सी-७चं, करंगळीकडचं सी-८चं. माझ्या अनुभवात "पूर्ण हात दुखतो" म्हणणाऱ्यापेक्षा "अंगठा आणि पहिलं बोट बधिर होतं" म्हणणाऱ्या रुग्णाची चिठ्ठी आखूड असते.

एमआरआयचा अहवाल वाचून घाबरू नका. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात मानेची कसलीही तक्रार नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय काढले होते. त्यांतल्या सुमारे ८८ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या बाहेर फुगलेल्या दिसल्या. चकती फुगलेली असणं वयाबरोबर येतंच. ती तुमच्या दुखण्याच्या जागेशी जुळते का, हे महत्त्वाचं.

दबलेल्या नसेचं दुखणं पुष्कळदा आपलं आपण ओसरतं, हेही आत्ताच सांगते. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर गावात १९७६ ते १९९० या काळातल्या अशा ५६१ रुग्णांचा मागोवा घेतला गेला. सुमारे चौथ्या हिश्श्याला शस्त्रक्रिया करावी लागली, पण शेवटच्या तपासणीत जवळजवळ ९० टक्के लोकांना त्रास नव्हता किंवा अगदी किरकोळ उरला होता. म्हणजे गोळीचं काम बऱ्याचदा तो मधला काळ सुसह्य करण्याचं असतं. आणि बरं वाटलं, तर ते गोळीनेच वाटलं असंही नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, गोळी बंद करायच्या वेळी तो लागणार आहे.

तिसरी पायरी : नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांची मोजदाद

डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रॉक्सेन, एटोरिकॉक्सिब ही सगळी एकाच घराण्यातली, सूज आणि दुखणं कमी करणारी. मान धरली असेल, नवा भडका उडाला असेल, तर पाच-सात दिवस यांचा उपयोग होतो. नसेच्या जुन्या दुखण्यावर महिनोन्महिने घ्यायला त्या बनलेल्या नाहीत.

त्यांचा त्रास तीन ठिकाणी होतो. पोटात व्रण आणि रक्तस्राव, मूत्रपिंडांवर ताण, हृदयावर ताण. हृदयाच्या धोक्यामुळेच रोफेकॉक्सिब ही जगभर खपणारी गोळी २००४ मध्ये बाजारातून मागे घ्यावी लागली. डायक्लोफिनॅकचा हृदयाला असलेला धोका रोफेकॉक्सिबच्या जातीतल्या नव्या गोळ्यांच्या जवळपास जातो, नॅप्रॉक्सेनचा त्या मानाने कमी समजला जातो. म्हणून बायपास किंवा स्टेंट झालेल्यांनी "साधीच तर पेनकिलर" म्हणून डायक्लोफिनॅक घेऊ नये.

मूत्रपिंडांबद्दल थोडं जास्त बोलते, कारण आईचं तेच झालं. तिची रक्तदाबाची गोळी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड अशी जोडगोळी होती, आपल्याकडे लाखो लोक घेतात ती. त्यातलं टेल्मिसार्टन मूत्रपिंडाच्या गाळणीतला दाब उतरवतं, हायड्रोक्लोरोथायझाइड शरीरातलं पाणी कमी करतं, आणि वर ॲसिक्लोफिनॅकने मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा आखडला. या तिघांची गाठ मूत्रपिंडांना महागात पडते, त्यातून एप्रिल-मेचा उन्हाळा किंवा जुलाब असतील तर अधिकच. आईचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला आकडा, वाढलेलं निघालं. तिन्ही वेदनाशामकं बंद केल्यावर ते उतरलं, पण तोवर घरातल्या कुणाला नीट झोप नव्हती. तुम्हाला रक्तदाब, मधुमेह किंवा वय साठीच्या पुढे असेल, तर या गोळ्या सुरू करण्याआधी क्रिएटिनिन तपासा.

गिधाडांची गोष्ट अनेकांनी ऐकली असेल. डायक्लोफिनॅक टोचलेल्या जनावरांचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली, भारतातली त्यांची संख्या कोसळली, आणि २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी आली. गाईम्हशींच्या शरीरात ॲसिक्लोफिनॅकचंही डायक्लोफिनॅकच होतं, म्हणून २०२३ मध्ये जनावरांसाठी तेही बंद झालं. माणसाचं मूत्रपिंड गिधाडाइतकं नाजूक नाही, पण इशारा म्हणून ही गोष्ट मी काउंटरवर पुष्कळदा सांगते.

आता पाकीट उलटं करून बारीक अक्षर वाचायला शिका. ब्रँडच्या नावाखाली प्रत्येक घटक आणि त्याचं वजन छापलेलं असतं. "ॲसिक्लोफिनॅक १०० मिग्रॅ, पॅरासिटामॉल ३२५ मिग्रॅ" अशी जोडी सगळ्यांत जास्त खपते. तापासाठी वर ६५०ची गोळी घेतली की पॅरासिटामॉल दोनदा पोटात जातं. निरोगी मोठ्या माणसासाठी २४ तासांत ४ ग्रॅम ही वरची मर्यादा, आणि वयस्कर, किडकिडीत किंवा दारू घेणाऱ्यांसाठी ती त्याहून कमी ठरवतात. काही पाकिटांत सेरॅशिओपेप्टिडेज असतं, सूज उतरवायला म्हणून. जपानमध्ये हे औषध विकणाऱ्या कंपनीने २०११ मध्ये ते स्वतःहून मागे घेतलं, कारण नव्या चाचण्यांत त्याचा उपयोग सिद्ध होईना. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्यात मला अर्थ दिसत नाही.

पोट जपायला पँटोप्राझोल दिलं असेल तर ते सकाळी उपाशीपोटी, नाश्त्याच्या अर्धा तास आधी. जेवणानंतर घेतलं की त्याचा पूर्ण उपयोग होत नाही.

स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांबद्दल थोडक्यात. थायोकोल्चिकोसाइड ४ किंवा ८ मिग्रॅ आपल्याकडे सर्रास दिसतं. युरोपच्या औषध नियामकांनी पोटातून घ्यायची मुदत ७ दिवसांवर आणली आहे आणि गरोदरपणात ते पूर्ण वर्ज्य ठरवलं आहे, कारण त्यापासून शरीरात तयार होणारा एक घटक पेशींमधल्या गुणसूत्रांना इजा करू शकतो. महिनाभराची पाकिटं कुणी मागितली की मी चिठ्ठीवरच्या डॉक्टरांना फोन करते. टिझॅनिडिनने रक्तदाब उतरतो आणि गुंगी येते, म्हणून ती रात्रीची.

चौथी पायरी : नसांसाठीची औषधं

इथे आल्यावर लोक बिचकतात. चिठ्ठीवर ॲमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिन दिसतं, कुणी मोबाइलवर शोधतं, आणि संध्याकाळी परत येऊन विचारतं, "ही तर डिप्रेशनची गोळी. माझं दुखणं मनाचं आहे असं वाटतं का डॉक्टरांना?" तसं नाही. मेंदूकडून खाली मणक्यात एक वाट येते, जी वेदनेचे निरोप दाबून ठेवते. ही औषधं त्या वाटेवरचे रासायनिक दूत वाढवतात. नैराश्यासाठी ॲमिट्रिप्टिलिन ७५ ते १५० मिग्रॅ लागतं, नसेच्या दुखण्यासाठी सुरुवात १० मिग्रॅने होते. प्रेगाबालिन आणि गाबापेंटिन ही मूळची फिट्सच्या औषधांची शाखा. चिडलेली नस सारखे संदेश सोडते, तो मारा ती कमी करतात.

किती आशा ठेवायची, याचं एक प्रामाणिक माप आहे. २०१५ साली लॅन्सेट न्यूरॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात अनेक चाचण्या एकत्र करून हिशेब मांडला गेला. औषध नसलेल्या नुसत्या खोट्या गोळीच्या वर आणखी एका माणसाचं दुखणं निम्म्याने कमी व्हायचं, तर ॲमिट्रिप्टिलिनसारखी जुनी औषधं साधारण ३ ते ४ जणांना द्यावी लागतात, ड्युलोक्सेटिनसारखी ६ ते ७ जणांना, प्रेगाबालिन ७ ते ८ जणांना. यांतल्या बहुतेक चाचण्या मधुमेही नसदुखीच्या आणि नागिणीनंतरच्या दुखण्याच्या आहेत. मानेत दबलेल्या नसेबद्दलचा पुरावा त्या मानाने तोकडा आहे. पायात उतरणाऱ्या सायटिकावर ऑस्ट्रेलियात २०९ रुग्णांची चाचणी झाली, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात प्रेगाबालिन खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही, चक्कर मात्र जास्त जणांना आली. हे वाचून औषध फेकून देऊ नका. ज्याला लागू पडतं त्याला चांगलं पडतं, आणि तुम्ही त्यातले आहात का हे करून बघितल्याशिवाय कळत नाही. पण सहा महिने झाले आणि फरक नाही, तरी चालूच, असं होऊ नये.

मग निवड कशावरून? मी दुखण्यापेक्षा माणसाकडे आधी बघते. रात्री झोप लागत नाही, वय फार नाही, हृदय ठीक आहे, खिसा बेताचा आहे, तर ॲमिट्रिप्टिलिन किंवा तिची सौम्य बहीण नॉर्ट्रिप्टिलिन चांगली. रात्री ८-९ वाजता घेतली तर सकाळी डोकं जड राहत नाही. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांना लघवी अडू शकते, काचबिंदू असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारायलाच हवं, आणि हृदयाच्या ठोक्यांत गडबड असेल तर टाळतात.

मन खचलेलं आहे, मधुमेहाने पायांतही आग होते, दिवसा जागं राहून काम करायचं आहे, तर ड्युलोक्सेटिनचा विचार होतो. सकाळी जेवणानंतर ३० मिग्रॅ, आठवड्याने बहुधा ६०. पहिले काही दिवस मळमळ होते, ती ओसरते. रक्तदाब थोडा वाढू शकतो. यकृताचा आजार किंवा मूत्रपिंडं बरीच बिघडलेली असतील तर ती देत नाहीत.

प्रेगाबालिन लवकर परिणाम दाखवतं, आठवडा-दोन आठवड्यांत अंदाज येतो, आणि इतर औषधांशी त्याचे वाद कमी. पण ते जवळजवळ पूर्णपणे लघवीवाटे बाहेर पडतं, म्हणून क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर डोस कमी करावा लागतो. पाय सुजतात, वजन वाढतं, धूसर दिसतं, आणि गरगरतं. आईला ७५ मिग्रॅ दिलेली पहिलीच रात्र. दोन वाजता बाथरूमला उठली आणि उंबऱ्याशी पडली. सुदैवाने मनगटावर निभावलं. वयस्कर माणसाला पहिले आठ दिवस रात्रीचा दिवा लावून ठेवा आणि सुरुवात कमी डोसने होईल का, हे विचारा. तुम्ही दुचाकी चालवत असाल तर पहिला आठवडा बसने किंवा रिक्षाने जा. दारू, झोपेची गोळी किंवा ट्रामाडॉल हे अफूवर्गीय वेदनाशामक यांच्याबरोबर प्रेगाबालिन घेतलं तर श्वास मंदावू शकतो. अमेरिकेच्या नियामकांनी डिसेंबर २०१९ मध्ये याचा खास इशारा दिला, विशेषतः वृद्ध आणि आजाराने फुप्फुसांची ताकद कमी झालेल्यांसाठी. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल, तर यांतलं काहीही सुरू करण्याआधी सांगा.

आपल्याकडे प्रेगाबालिन, नॉर्ट्रिप्टिलिन आणि मिथाइलकोबालामिन एकाच गोळीत मिळतं. सोयीचं दिसतं, पण चक्कर कशाने आली ते कळत नाही आणि एकाचा डोस वाढवला की तिघांचा वाढतो. सुरुवातीला सुटी औषधं द्या, असं डॉक्टरांना विचारायला मुळीच संकोच करू नका. जनऔषधी केंद्रात यांतली बरीच औषधं पुष्कळ स्वस्त मिळतात.

बी-१२ बद्दल. मिथाइलकोबालामिन हे वेदनाशामक नाही, जीवनसत्त्व आहे. कमतरता असेल तर ते अमृत, नसेल तर रंगीत गोळी. पण कमतरता आपल्यात खरोखरच फार आहे. पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर स्त्रियांवर केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी केलेल्या प्रसिद्ध अभ्यासात बहुतांश स्त्रियांचं बी-१२ कमी निघालं. शाकाहारी असाल, वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या घेत असाल, तर एकदा रक्ताची पातळी बघा. तपासणी आधी, गोळी नंतर. गोळी चालू असताना तपासलं तर आकडा फसवा येतो.

पाचवी पायरी : कडक औषधांची वेस

ट्रामाडॉल एप्रिल २०१८ पासून अमली पदार्थविषयक कायद्याखाली आलं आहे. त्यामुळे चिठ्ठीशिवाय नाही म्हटलं तर रागावू नका. ड्युलोक्सेटिन किंवा ॲमिट्रिप्टिलिनच्या जोडीला ट्रामाडॉल घेतलं तर थरथर, घाम, ताप, गोंधळ असा गंभीर प्रकार होऊ शकतो, आणि फिट्सचा इतिहास असेल तर ते टाळावंच. त्याच वर्गातल्या टॅपेंटाडॉलचीही सवय लागते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियन चाचणीत नव्याने मान किंवा कंबर धरलेल्या ३४७ लोकांपैकी निम्म्यांना अफूवर्गीय औषध दिलं, निम्म्यांना खोटी गोळी. सहा आठवड्यांनी दोघांच्या दुखण्यात फरक नव्हता. असह्य भडक्यात दोन-तीन दिवस डॉक्टरांनी दिलं तर घ्या, पण परतीची तारीख त्याच दिवशी ठरवा.

मानेच्या मणक्यात दिलं जाणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन हा गोळ्यांच्या पलीकडचा निर्णय आहे. क्वचित पण गंभीर इजेचा धोका असतो, म्हणून ते प्रशिक्षित वेदनातज्ज्ञाकडून आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर बघूनच. मधुमेह असेल तर त्यानंतर काही दिवस साखर चढते. आणि घटक न छापलेल्या पुड्या, "एका आठवड्यात मान मोकळी" म्हणणाऱ्या, त्या घेऊच नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं पुष्कळदा सापडलं आहे.

सहावी पायरी : कालनिर्णयच्या चौकोनात

आमच्याकडे भिंतीवरच्या कालनिर्णयवर दुधाचा हिशेब असतो, तिथेच मी आईला दुखण्याचा हिशेब लिहायला लावला. रोज रात्री एक आकडा, ० म्हणजे काही नाही आणि १० म्हणजे असह्य. शेजारी एक काम: पोळ्या लाटता आल्या की नाही. दुखणं तिसऱ्या हिश्श्याने उतरलं, म्हणजे ८चं ५-६ झालं, तरी ती खरी सुधारणा धरतात. पण मला पोळ्यांची खूण जास्त विश्वासाची वाटते. तुमचं काम वेगळं असेल, गाडी मागे घेताना मान वळवणं, तासभर लॅपटॉप, नातवाला उचलणं. ते ठरवून लिहा.

एका वेळी एकच बदल करा. नवी गोळी सुरू केली त्या तारखेला गोल करा. योग्य डोसवर पोहोचल्यावर प्रेगाबालिन किंवा ड्युलोक्सेटिनला साधारण चार आठवडे, ॲमिट्रिप्टिलिनला सहा ते आठ. तेवढ्यात आकडा आणि काम, दोन्ही हललं नाही तर डॉक्टरांकडे जाऊन "ही बंद करूया का?" असं स्पष्ट विचारा. मानेचे हलके व्यायाम, फिजिओथेरपी, उशीची उंची, हे सगळं गोळीच्या बरोबरीने चालू ठेवा. गोळीने दुखणं दबलेलं असतं त्या काळातच व्यायाम जमतो. मानेचा पट्टा दिवसभर, महिनाभर लावू नका, स्नायू दुबळे पडतात.

सातवी पायरी : बंद करताना

नसांची औषधं अचानक सोडू नका, गावाला जाताना विसरली असं तर अजिबात नको. प्रेगाबालिन किमान आठवडाभर उतरवत न्यायचं, बरेच महिने घेतलं असेल तर आणखी सावकाश. एकदम थांबवलं तर घाम, बेचैनी, निद्रानाश, क्वचित फिट येते. ड्युलोक्सेटिन सोडताना डोक्यात झटके आल्यासारखं वाटतं, ॲमिट्रिप्टिलिन सोडताना मळमळ आणि वाईट झोप. हे मूळ दुखणं परत आलं असं समजून लोक पुन्हा गोळी धरतात.

तीन-चार महिने बरं चाललं असेल तर डोस उतरवून बघायला डॉक्टरांना सांगा. नस आपोआप शांत झालेली असू शकते, आणि ते गोळी कमी केल्याशिवाय समजत नाही. आईचं प्रेगाबालिन आम्ही डॉक्टरांच्या सल्ल्याने गणपतीनंतर उतरवायला घेतलं, ७५वरून ५०, मग २५, दर पायरी दोन आठवडे. दुसऱ्या पायरीवर चौकोनात दोन दिवस ६ आकडा आला, तिथे आठवडाभर थांबलो आणि मग पुढे गेलो. दिवाळीच्या फराळाला चकलीचा सोऱ्या तिनेच फिरवला, डाव्या हाताने जास्त आणि उजव्याने जपून. त्या दिवसाच्या चौकोनात तिने ३ लिहिलं आहे, आणि खाली "चकल्या दीड किलो".